अहेरीचे राजे आणि अर्धवट राहिलेले स्वातंत्र्य

१/ आणीबाणीनंतर, १९७७ साली, अहेरीचे राजे विश्वेश्वरराव चंद्रपूरमधून लोकसभेवर निवडून आले. ती निवडणूक नागरी स्वातंत्र्याची होती. कारकिर्दीचे मूल्यमापनही त्याच निकषावर व्हावे.

२/ त्या लोकसभेच्या काळात, १९७८ मध्ये, ‘मिसा’ रद्द झाला. ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २१चा, म्हणजे जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा, हक्क अबाधित ठेवला.

३/ मात्र प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला आवर घालणारे त्याच दुरुस्तीतील कलम ३ आजवर एकाही सरकारने लागू केलेले नाही.

४/ पुढे ‘टाडा’ आला आणि गडचिरोलीतील अनेक आदिवासी त्याखाली तुरुंगात गेले.

५/ म्हणून लोकप्रतिनिधीचा हिशेब मांडताना रद्द झालेल्या कायद्यांसोबत अंमलाविना राहिलेली कलमेही मोजावीत.