स्मृतिक्रमाचा करार : नेटवर्क ड्रायव्हरमधील दोषनिवारणाचा इतिहास

प्रस्तावना

मेमरीत लिहिलेल्या दोन नोंदी लिहिल्या त्याच क्रमाने इतरांना दिसतील, असे आपण गृहीत धरतो. आधुनिक प्रोसेसर मात्र वेगासाठी हा क्रम बदलतात. त्यातून नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये उद्भवणाऱ्या दोषांच्या निवारणाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दोषाचे स्वरूप

पॅकेट पाठविताना ड्रायव्हर सामायिक मेमरीत त्याचा पत्ता व लांबी लिहितो आणि शेवटी ‘ही नोंद आता कार्डाची’ अशी खूण करतो. खूण आधी पोहोचली, तर कार्ड जुना पत्ता वाचून भलताच मजकूर पाठविते. पॅकेट स्वीकारताना, खूण तपासण्यापूर्वीच वाचली गेलेली लांबी शिळी असू शकते. एक्स८६ प्रोसेसरवर सामान्य लेखनाचा क्रम टिकतो. त्यामुळे तेथे निर्दोष भासणारा ड्रायव्हर अल्फा, पॉवर किंवा आर्मवर क्वचित, अनियमितपणे चुकतो.

ऐतिहासिक विकास

सर्व प्रोसेसरांच्या क्रिया एकाच सुसंगत क्रमाने घडल्यासारख्या दिसाव्यात, हा आदर्श लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ मध्ये मांडला. तो पूर्णतः पाळणे वेगाच्या दृष्टीने महाग होते. मुंबईच्या आयआयटीतून १९८७ मध्ये पदवी घेतलेल्या सरिता अडवे यांनी मार्क हिल यांच्यासह १९९० मध्ये वेगळी मांडणी केली : प्रोग्रामरने समन्वयाच्या जागा स्पष्ट दाखवाव्यात, मग सुसंगत क्रमाची हमी यंत्राने द्यावी. प्रोसेसर काय करतो, याऐवजी कोणी कोणाला काय वचन दिले आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. पुढे जावा व सी++ यांचे स्मृतिक्रम-नियम याच पायावर उभे राहिले.

कार्ड हे प्रोसेसर नसल्याने हा सिद्धांत ड्रायव्हरला जसाच्या तसा लागू होत नाही. लिनक्सची वाटचाल मात्र त्याच दिशेने झाली. २००६ मध्ये मेमरी बॅरिअरचे नियम लिखित झाले. २०१५ च्या ३.१९ आवृत्तीत कार्ड व प्रोसेसर यांच्या सामायिक मेमरीसाठी हलके बॅरिअर आले. २०१८ मध्ये औपचारिक स्मृतिप्रारूप समाविष्ट झाले. २०१९ मध्ये, कार्डाच्या रजिस्टरांवरील लेखन लॉकबाहेर निसटू नये म्हणून ड्रायव्हरांत विखुरलेला बॅरिअर काढून ती जबाबदारी लॉकच्या सामायिक कोडवर सोपविली गेली.

निष्कर्ष

दोष दिसेनासा होईपर्यंत बॅरिअर घालत जाणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. कोणते लेखन कोणत्या लेखनापूर्वी पोहोचले पाहिजे आणि पलीकडे ते कोण वाचतो, हे सांगता आले तरच ती दुरुस्ती ठरते. नागपूरच्या महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टिम शिकविताना, ‘एक्स८६ वर चालले’ एवढा पुरावा न स्वीकारता विद्यार्थ्याकडून हा करार लिहून घेणे अगत्याचे आहे.