वाडीतले वादळ

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. परंतु गावाच्या इतिहासात वाऱ्यालाही जागा आहे. एका दुपारचा वारा दोन पिढ्यांची मेहनत आडवी करतो. अशाच एका वाऱ्याविषयी आज चार शब्द सांगायचे आहेत.

३ जून २०२० रोजी, दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास, ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. आपल्याकडे बहुतेक वादळे बंगालच्या उपसागरात होतात. अरबी समुद्रात ती कमी, आणि त्यांतलीही पुष्कळशी ओमानकडे नाहीतर गुजरातकडे वळतात. त्यामुळे कोकणी माणूस पाऊस ओळखतो, भरती ओळखतो. अशा वादळाची मात्र त्याला सवय नव्हती.

तरीही माणसे वाचली, हे आधी सांगितले पाहिजे. १८६४ साली कलकत्त्यास मोठे वादळ झाले. हजारो माणसे दगावली. त्यानंतर तिथल्या बंदरात धोक्याची सूचना देण्याची पद्धत सुरू झाली, आणि १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले. त्या दीर्घ कामाचे फळ रायगडला मिळाले. सूचना वेळेवर आली, किनाऱ्यावरची हजारो माणसे आधीच हलवली गेली. म्हणून एवढ्या वादळात मृत्यू झाले ते अगदी थोडे.

पण झाडांना कोण हलवणार?

माझे आजोळ श्रीवर्धन तालुक्यात. टाळेबंदीचे दिवस होते. परवानगी काढून, रस्त्यातली आडवी झाडे ओलांडत मी पोहोचलो तो चौथा दिवस. गावात वीज नव्हती, आणि पुढे कित्येक आठवडे ती आली नाही. घरांची कौले उडालेली, पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडलेले. मामांच्या वाडीत शिरलो आणि थबकलो. जिथे भर दुपारी काळोखी असायची, तिथे लख्ख ऊन पडले होते. पोफळी मधोमध मोडलेल्या, माड मुळांसकट उपटलेले.

मी म्हटले, “मामा, आधी घरावर पत्रे घालून घेऊ.” ते म्हणाले, “अरे, घर काय, चार महिन्यांत उभं राहील. पोफळ राहील का चार महिन्यांत, सांग बघू.”

त्यांचे बोलणे हिशेबाचे होते. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच ते सात वर्षे लागतात. माडालाही जवळजवळ तितकीच. शिवाय वाडी ही मजल्यांची असते. वर माड, खाली पोफळी, त्यांच्या सावलीत जायफळ, खोडांवर मिरीचे वेल. वरचा मजला कोसळला की खालचा उन्हाने करपतो. नवी रोपे लावायची, तर त्यांनाही सावली हवी. ती आणायची कुठून?

भरपाईचा प्रश्नही इथेच अडला. फळबागेला हेक्टरी पन्नास हजार रुपये ठरले. ऐकायला रक्कम मोठी. पण कोकणातली वाडी गुंठ्यांची. पाच गुंठ्यांच्या वाडीला त्या दराने अडीच हजारच येतात. पुढे झाडागणिक दर ठरले. आणि वर्ष पुरते होण्याआधीच, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून गेले.

मुंबईवर नोव्हेंबर १९४८ मध्ये असेच वादळ आले होते. मोठ्या शहराची नोंद राहते. खेड्यात ती म्हाताऱ्या माणसांबरोबर जाते. म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. इतिहासाच्या एका तासाला मुलांना घरोघर पाठवा. कुठले झाड पडले, कुठले टिकले? कुठल्या बाजूचे छप्पर आधी गेले? मोडलेल्या वाडीत पहिले पीक कोणत्या साली आले? तारखेसह हे सारे एका वहीत लिहून घ्या, आणि ती वही शाळेच्या कपाटात ठेवा. वादळ पुन्हा येणारच आहे. त्या वेळी नवी वाडी लावणाऱ्याला, घर शाकारणाऱ्याला ती वही उपयोगी पडेल.