नभोयानाचा मळ

इ. स. १९०२ मध्यें जॉर्ज मेलिएस ह्या फ्रेंच गृहस्थानें चंद्रावरील सफरीचा मूकपट काढला. त्यांतलें यान म्हणजे तोफेचा एक भला मोठा गोळा; तो थेट चंद्राच्या डोळ्यांत जाऊन रुततो. तें यान मळकें असावें कीं चकचकीत, हा विचार त्या काळीं कोणाच्या मनास शिवण्याचें कारण नव्हतें. पुढें १९२९ सालीं फ्रिट्झ लांग ह्यानें आपल्या चंद्रपटासाठीं हर्मान ओबेर्थ ह्या अग्निबाणशास्त्रज्ञाचा सल्ला घेतला, आणि यंत्र निदान खरें वाटावें, ही आकांक्षा दिसूं लागली.

स्टॅन्ले कुब्रिकच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) ह्या चित्रपटांत ती कळसास पोहोंचली. त्यांतलें 'डिस्कव्हरी' बाहेरून शुभ्र व आंतून शस्त्रक्रियागृहासारखें निर्मळ आहे. पाहणारा थक्क होतो; तथापि येथें माणसें जेवतात, निजतात, हें त्याच्या मनास पटत नाहीं. १९७२ मध्यें तार्कोव्हस्की ह्या रशियन दिग्दर्शकानें 'सोलारिस'मधील स्थानक अस्ताव्यस्त व कळा गेलेलें दाखविलें. पण सामान्य प्रेक्षकाची दृष्टि पालटली ती १९७७ सालीं जॉर्ज ल्यूकसच्या 'स्टार वॉर्स'मुळें. त्याच्या कारागिरांनीं दुकानांत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या रणगाड्यांचे व विमानांचे सुटे भाग आपल्या नमुन्यांवर चिकटविले आणि वर काजळीचे, तेलाचे डाग रंगविले. 'मिलेनियम फाल्कन' दृष्टीस पडतांच कथेचा नायकच त्यास भंगार ठरवितो! दोनच वर्षांनीं 'एलियन' आला. त्यांतलें 'नॉस्ट्रोमो' हें तर माल ओढणारें जहाज. तेथील यंत्रावरचे कामगार बोनसावरून कुरकुर करतात. इतकी खरी माणसें अंतराळांत त्यापूर्वीं क्वचितच दिसलीं असतील.

मग हा मळ खरा, कीं तीहि एक रंगरंगोटीच? उत्तर चंद्रावरूनच आलें होतें. एप्रिल १९६७ मध्यें तेथें उतरलेल्या 'सर्व्हेयर ३' ह्या निर्मनुष्य यानापाशीं 'अपोलो १२'चे दोघे वीर नोव्हेंबर १९६९ मध्यें चालत गेले, तों त्याचा पांढरा रंग पिंगट पडलेला! अडीच वर्षांचें प्रखर ऊन आणि धूळ. १९८३ सालीं 'चॅलेंजर'च्या खिडकीच्या कांचेस रंगाच्या एका कणानें खळगा पाडला. स्पेस शटलच्या बाहेरील टाकीस तर १९८१ मधील पहिल्या दोन उड्डाणांनंतर पांढरा रंग देणेंच बंद झालें. सुमारें २७० किलो वजन वांचलें, आणि टाकी नारिंगी-तपकिरी राहिली. काटकसरीपुढें शोभेचें कांहीं चालत नाहीं.

मात्र कलावंत यानांवर गंजाचे ओघळ काढतात, तें पटण्याजोगें नाहीं. गंजास ओलावा व प्राणवायु लागतो. निर्वात पोकळींत दोन्ही नाहींत. ग्रहोग्रहीं उतरणाऱ्या यानाची गोष्ट निराळी. वस्तुतः मळ सांचतो तो आंत, जेथें माणसाचा श्वास व घाम असतो. रशियाचें 'मीर' स्थानक जुनें झाल्यावर त्याच्या फळ्यांमागें पाण्याचे गोळे तरंगतांना आढळले व बुरशीहि वाढली होती.

'अपोलो ११'चें 'कोलंबिया' आज अमेरिकेंतील संग्रहालयांत आहे. २०१६ सालीं त्याच्या अंतर्भागाचें सूक्ष्म चित्रण झालें, तेव्हां भिंतींवर अंतराळवीरांच्या हातचे आंकडे व टिपणें दिसलीं. एका कप्प्यावर आंत दुर्गंधी कचरा असल्याचा इशारा होता. एक छोटी दिनदर्शिकाहि होती. प्रवासाचा एकेक दिवस तीवर खोडलेला होता. परतीचा तेवढा राहून गेला होता.