श्वार्ट्झ पाद्री आणि तंजावरचे सरफोजी राजे

तंजावरच्या किल्ल्यात शिवगंगा तलावानजीक एक जुने चर्च आहे. तेथे जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडविलेले संगमरवरी स्मारक आहे. मृत्युशय्येवरील एका वृद्ध पाद्र्याचा निरोप घेण्यासाठी मराठा राजा आला आहे, असा त्यावरील प्रसंग. पाद्री क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. राजा सरफोजी भोसले, दुसरे.

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली प्रशियात झाला. ल्यूथरपंथी धर्मोपदेशकाची दीक्षा घेऊन १७५० मध्ये ते तरंगंबाडीस आले आणि पुन्हा मायदेशी गेले नाहीत. ते आजन्म अविवाहित राहिले. तमिळ, फारसी यांबरोबर मराठीही शिकले. १७७९ साली कंपनी सरकारने हैदरअलीकडे बोलणी करण्यासाठी त्यांनाच श्रीरंगपट्टणास धाडले.

१७८७ मध्ये निपुत्रिक तुळजाजी राजांनी भोसले कुळातील सरफोजींना दत्तक घेतले आणि त्यांचा सांभाळ करण्याची विनंती श्वार्ट्झ यांना केली. एवढा भार आपल्याला पेलणार नाही, असे सांगून त्यांनी राजबंधू अमरसिंहांकडे कारभार सोपविण्याचा सल्ला दिला. सल्ला सरळ मनाचा होता. पण तुळजाजी वारल्यावर पंडितांच्या अभिप्रायावरून दत्तविधान अवैध ठरले, कंपनीने अमरसिंहांना गादीवर बसविले आणि सरफोजी नजरकैदेत पडले. मुलाचे शिक्षणही थांबले. तेव्हा श्वार्ट्झ यांनी मद्रासकडे वारंवार लिहून १७९३ मध्ये सरफोजींची मद्रासला रवानगी करविली. दत्तकाचा प्रश्नही त्यांनी पुन्हा उभा केला. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी ते निवर्तले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले.

येथे थांबले तर ही केवळ कृतज्ञतेची कथा होईल. परंतु १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ल्यापुरती सत्ता उरली. ज्या कंपनीच्या हातून श्वार्ट्झ यांनी मुलाला न्याय मिळवून दिला, तिनेच त्या न्यायाची किंमत वसूल केली. त्याचा दोष श्वार्ट्झ यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मात्र परक्या सत्तेकडे न्याय मागण्यातला धोका त्यांच्या सद्हेतूने टळला नाही, हेही मान्य केले पाहिजे.

सरफोजींनी गुरूचे ऋण मनःपूर्वक मानले. स्मारकावरील इंग्रजी पद्यपंक्ती त्यांच्याच समजल्या जातात. तरीही त्यांनी स्वधर्म सोडला नाही. १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. १८०६ मध्ये त्यांच्या छापखान्यातून ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक निघाले.

दूरदेशी वसलेल्या आपल्यासारख्या घराण्यांनी तंजावरास गेल्यावर ही दोन्ही स्थळे पाहावीत. चर्चमधील संगमरवर आणि मंदिरातील शिलालेख एकाच राजाने करविले आहेत. परक्याकडून विद्या घेऊनही आपली भाषा आणि आपले देव कसे राखावेत, याचा तो दोनशे वर्षांपूर्वीचा दाखला आहे.