रॅपची चित्रफीत आणि तिचा तरुण प्रेक्षक

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला की एखादे राज्य, एखादी लढाई किंवा एखादा थोर पुरुष अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही विषय घेतला आहे तो रॅप संगीताच्या चित्रफितींचा. हे ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, आणि त्याचे आम्हांस नवल वाटत नाही. घरातला मुलगा किंवा मुलगी हातातल्या फोनवर अशी चित्रफीत पाहत असते. आपण मागून डोकावतो. कोणी एक पोरगा हातवारे करीत भराभर बोलत असतो, त्याच्यामागे दहावीस जण माना डोलावीत उभे असतात, आणि यात गाणे कोठे आहे हेच आपणांस उमगत नाही. मग पिढी बिघडली असे म्हणून आपण मोकळे होतो. हा निकाल फार घाईने दिला जातो, अशी आमची समजूत आहे. न्यूयॉर्कच्या एका वस्तीत जन्मलेली ही कला पन्नास वर्षांच्या आत कुर्ल्याच्या गल्लीत पोहोचली. तिच्यात तरुणांना काय सापडते, हे निकालापूर्वी तपासले पाहिजे. आणि त्यासाठी तिचा इतिहासच पाहावा लागतो.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तर भागास ब्राँक्स म्हणतात. १९४८ ते १९६३ या काळात त्याच्या मधोमध एक रुंद द्रुतगती मार्ग काढण्यात आला. रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्याच्या या योजनेपायी हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. ज्यांची ऐपत होती ते उपनगरांत गेले. मागे राहिले ते बहुतांशी कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन गरीब. पुढे १९७० नंतरच्या दशकात दक्षिण ब्राँक्समध्ये इमारतींमागून इमारती जळाल्या. देशभरच्या लोकांनी ब्राँक्स पाहिले ते या जळक्या इमारतींच्या चित्रांतून. त्या वस्तीत वाढणारी मुले त्या चित्रांत क्वचितच दिसत, आणि दिसली तर गुन्हेगार म्हणून दिसत. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील सारी हकीकत तिच्यावर उभी आहे.

याच ब्राँक्समध्ये सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी पैसे जमवावेत, एवढाच तिचा हेतू. तबकड्या वाजविण्यास तिचा भाऊ क्लाइव्ह होता. हे कुटुंब जमेकातून आलेले. क्लाइव्हला पुढे जग ‘डीजे कूल हर्क’ या नावाने ओळखू लागले. गाण्यातला जो नुसता ठेक्याचा तुकडा, त्यावर मुले अधिक रंगून नाचतात, हे त्याने हेरले होते. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवीत नेऊ लागला. त्या ठेक्यावर समोरच्या मंडळींची नावे घेणे, त्यांना चेव आणणे, यमके जुळवीत बोलणे, यातून रॅपचा उदय झाला. आपल्याकडे कलगीवाले आणि तुरेवाले डफाच्या तालावर रात्र रात्र सवाल-जबाब करीत. त्या परंपरेचा आणि हिचा काही संबंध नाही. परंतु हजरजबाबीपणावर जिंकणे आणि समोरच्या गर्दीने तेथल्या तेथे निवाडा करणे, ही रीत ज्यांनी शाहिरी फड पाहिले आहेत त्यांना परकी वाटू नये.

१९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि हा आवाज वस्तीबाहेर गेला. मात्र त्यामागचे चेहरे अद्याप घरोघर पोहोचले नव्हते. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही केवळ संगीताच्या चित्रफिती दाखविणारी वाहिनी सुरू झाली. तरुणांसाठी म्हणून निघालेल्या या वाहिनीवर प्रारंभीच्या काळात कृष्णवर्णीय कलावंत फारच थोडे दिसत. १९८३ साली डेव्हिड बोवी या इंग्रज गायकाने मुलाखतीच्या वेळी निवेदकालाच याविषयी उलट प्रश्न केला. त्याच वर्षी मायकेल जॅक्सनच्या ‘बिली जीन’ने ते दार बरेचसे उघडले. पण जॅक्सन हा झगमगत्या रंगमंचाचा राजा होता. ब्राँक्सचा रस्ता त्याच्याबरोबर आत आला नाही.

तो रस्ता आला दुसऱ्या वाटेने. ‘ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरियस फाइव्ह’ या मंडळीच्या ‘द मेसेज’ (१९८२) या गाण्याची चित्रफीत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच घेतलेली होती, आणि शेवटी त्या तरुणांना पोलीस धरून नेतात, असे तिच्यात दाखविले होते. १९८३ मध्ये राल्फ मॅकडॅनियल्स यांनी न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक वाहिनीवर ‘व्हिडिओ म्युझिक बॉक्स’ हा कार्यक्रम चालू केला. ते कॅमेरा घेऊन वस्त्यांत जात आणि तेथील तरुणांना त्यातून आपापल्या मित्रांची नावे पुकारू देत. शाळेतून घरी आलेल्या मुलाला त्या पडद्यावर आपल्या ओळखीचा चौक, आपल्यासारखे कपडे, आपल्यासारखे बोलणे दिसे. या क्षणाचे मोल आम्हांस फार वाटते. जी वस्ती आजवर दुसऱ्यांनी दाखविली, ती आता स्वतःला दाखवू लागली.

ऑगस्ट १९८८ मध्ये एमटीव्हीने ‘यो! एमटीव्ही रॅप्स’ हा कार्यक्रम सुरू केला. तो १९९५ पर्यंत चालला. त्याचा निवेदक फॅब फाइव्ह फ्रेडी कलावंतांना स्टुडिओत न बोलावता त्यांच्या वस्तीत जाऊन भेटे. त्यामुळे दूर गावातल्या गोऱ्या मुलाच्या घरातही कॉम्प्टन आणि ब्रुकलिन येऊन पोहोचले. १९८९ साली ‘पब्लिक एनिमी’च्या ‘फाइट द पॉवर’साठी दिग्दर्शक स्पाइक ली यांनी ब्रुकलिनच्या रस्त्यावर खरोखरीचा मोर्चाच काढला. त्याच वर्षी ‘एनडब्ल्यूए’ची पोलिसी धरपकड दाखविणारी ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ ही चित्रफीत मात्र एमटीव्हीने दाखविण्यास नकार दिला. आणि नाकारलेली वस्तू तरुणांना अधिकच हवीशी होते, हा नियम येथेही खरा ठरला.

या चित्रफितींची घडण जरा बारकाईने पाहावी. चित्रपटातला नायक सहसा नायिकेकडे पाहून गातो. रॅपचा गायक सरळ कॅमेऱ्याकडे पाहतो, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाहतो. कॅमेरा बहुधा खाली असतो, त्यामुळे रस्त्यावरचा पोरगा उंच दिसतो. तो आपले नाव सांगतो, आपल्या गल्लीचे नाव सांगतो. आमचे शाहीर कवनाच्या शेवटी आपली नाममुद्रा ठेवीत, तसेच हे. त्याच्यामागे उभे असलेले सोबती झीलकऱ्यांसारखे त्याचा शब्द उचलून धरतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला घरात, शाळेत, रस्त्यावर सारेजण सूचना देतात. त्याच्याकडे पाहून, त्याला बरोबरीचा समजून बोलणारे फार थोडे असतात. ही चित्रफीत नेमके तेवढे करते. मी येथला आहे, माझ्याबरोबर माणसे आहेत आणि मी तुझ्याशी बोलत आहे, हा तिचा आशय गाण्याचा एकही शब्द न कळता पोहोचतो. तरुणांच्या ओढीचे मूळ आम्हांस येथे दिसते.

पण इतिहास एवढ्यावर थांबला नाही. १९८६ साली ‘रन-डीएमसी’ या त्रिकुटाने आपल्या पायांतील आदिदास बुटांवरच गाणे केले. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या कार्यक्रमात त्यांनी श्रोत्यांना बूट उंच धरण्यास सांगितले आणि हजारो बूट वर आले. कंपनीचे लोक ते पाहत होते; लवकरच करार झाला. दुकानदाराला या ओढीची किंमत कळली ती अशी. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस चित्रफितींवर पैशाचा पाऊस पडू लागला आणि त्यांत मोटारी, सोनसाखळ्या, नौका आणि महाल आले. ही झगमगही तरुणांना आवडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरात कधी काही नव्हते त्याच्या गळ्यात सोने पाहून गरीब मुलाला आपलेही दिवस पालटतील असे वाटते. मात्र या महालांत स्त्रिया बऱ्याचदा मोटारीसारख्याच मांडून ठेवलेल्या असत. ज्या कलेने न दिसणाऱ्यांना चेहरा दिला, तिनेच दुसऱ्या कोणाचा चेहरा काढून घेतला, हा तिच्यावरील आरोप खोटा म्हणता येत नाही.

परंतु हा आरोप केवळ वडीलधाऱ्यांनी केला, असे समजू नये. अटलांटा येथील स्पेलमन हे कृष्णवर्णीय मुलींचे नामांकित महाविद्यालय आहे. २००४ साली तेथे नेली या रॅप गायकाच्या संस्थेतर्फे अस्थिमज्जा-दात्यांची नोंदणी व्हावयाची होती. त्याच्या एका चित्रफितीतील स्त्रियांच्या बीभत्स चित्रणाचा जाब त्याला विचारण्याचे विद्यार्थिनींनी ठरविले; तो कार्यक्रम तेथे झाला नाही. या मुली हेच संगीत ऐकत वाढलेल्या होत्या. मिसी एलियट हिने तर १९९७ सालीच पडद्यावरून उत्तर दिले होते. ‘द रेन’ या चित्रफितीत ती फुग्यासारखा फुगविलेला काळा पोषाख घालून उभी राहिली. अंगप्रदर्शनाच्या त्या बाजारात तिने आपली आकृतीच झाकून टाकली, आणि सर्वांच्या लक्षात राहिली ती तीच.

२००५ साली यूट्यूब सुरू झाले आणि वाहिनीच्या दारावरचा पहारेकरी उठला. २०१५ साली केंड्रिक लमार याने ‘ऑलराइट’मध्ये रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर उभे राहून गायले, ते गाणे पोलिसी अत्याचाराविरुद्धच्या मोर्च्यांत तरुणांनी घोषणेसारखे म्हटले. २०१८ च्या ‘धिस इज अमेरिका’मध्ये पुढे नाच चालतो आणि मागे गोळीबार व पळापळ. तरुण प्रेक्षकांनी ती थांबवून थांबवून पाहिली आणि मागच्या बाजूस काय घडते याचा अर्थ लावीत बसले. ज्यांना उथळ म्हणतात त्यांनी केलेले हे वाचनच होय.

कॅमेरा स्वस्त झाला तशी हीच गोष्ट आमच्या दारातही घडली. कुर्ल्याच्या नेझी या तरुणाने २०१४ साली ‘आफत’ हे गाणे एका आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले आणि त्याची चित्रफीतही त्यावरच घेतली. पुढल्या वर्षी डिव्हाइन आणि तो ‘मेरे गली में’ घेऊन आले. २०१९ चा ‘गली बॉय’ हा चित्रपट या मंडळींवरून सुचला. त्याच वर्षी ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटाने ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये आरेच्या जंगलातील आदिवासींचे गाऱ्हाणे मांडले. त्यात मराठी रॅप आहे आणि प्रकाश भोईर या आदिवासी कार्यकर्त्याचा आवाज आहे. महाल नाही, मोटार नाही, तरी तरुणांनी हे पाहिले. झगमग हीच खरी ओढ असती तर हे घडते ना.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच आहे. या चित्रफितींत जे हिंस्र आहे, जे स्त्रीला वस्तू करते, त्याला नावे ठेवण्याचा आपणांस अधिकार आहे; किंबहुना ते कर्तव्य आहे. पण तो अधिकार मागून डोकावणाऱ्याला मिळत नाही. मुलाच्या शेजारी बसावे, हा कोण, कोठला, कशाबद्दल एवढा चिडला आहे, असे विचारावे, आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत ऐकावे. त्यानंतर आपण घेतलेली हरकत तोही ऐकून घेईल, अशी आम्हांस आशा आहे.