अक्षरं चीनची, क्रम आपला

घरबसल्या स्वतःच जपानी शिकायची तर सुरुवात कुठून करावी, असं नात्यातल्या दोन-तीन मुलांनी गेल्या काही महिन्यांत विचारलं. मी काही जपानीची पंडित नव्हे. पंचाहत्तरीकडे झुकलेली, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. पण मुलगा जपानमध्ये आहे, नातू तिथल्या शाळेत जातो, म्हणून दीड वर्षापासून वही-पेन्सिल घेऊन बसते. त्या मुलांना मी एकच सांगते. आधी 'काना'चा तक्ता घ्या (काना-मात्रेतला काना नव्हे, जपानी अक्षरांना काना म्हणतात) आणि तो रोमन अक्षरांतून नको, देवनागरीतून घ्या. असं का, ते सांगायचं तर हजार-बाराशे वर्षं मागे जावं लागतं.

जपानी लोकांकडे स्वतःची लिपी नव्हती. कोरियामार्गे चिनी अक्षरं आली, तीच त्यांनी उचलली. पण अडचण अशी, की चिनी शब्दाला प्रत्यय लागत नाहीत आणि जपानीचं प्रत्ययांवाचून पान हलत नाही. मग त्यांनी काही चिनी अक्षरं अर्थ बाजूला ठेवून नुसत्या आवाजासाठी वापरली. 8व्या शतकातला 'मान्योशू' हा काव्यसंग्रह असाच लिहिलेला आहे. पुढे 9व्या शतकाच्या सुमारास ही अक्षरं भरभर लिहिता लिहिता गोलाकार झाली, ती हिरागाना. आणि भिक्षूंनी पोथीच्या ओळींमध्ये खुणा करायला अक्षराचा एखादा तुकडाच ठेवला, तो कताकाना. उदाहरणार्थ, 'का' आवाजाच्या एका चिनी अक्षराची डावी बाजू म्हणजे कताकानातला 'का'.

इथवर सगळं चीनचं. आता क्रम बघा. त्या तक्त्याचं नाव 'गोजूओन', म्हणजे पन्नास ध्वनी. स्वर असे: आ, इ, उ, ए, ओ. व्यंजनांच्या ओळी अशा: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा.

मंडळी, हे मोठ्याने म्हणून बघा. काही ओळखीचं वाटतंय?

वाटायलाच हवं! क, त, न, म, य, र, व, सगळे आपल्या मुळाक्षरांच्याच क्रमाने उभे आहेत. हा योगायोग नाही. बौद्ध मंत्रांचे उच्चार चुकू नयेत म्हणून जपानी भिक्षू संस्कृत वर्ण शिकत. ते ज्या लिपीत लिहीत ती सिद्धम्, आपल्या देवनागरीसारखीच ब्राह्मीच्या कुळातली. बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू 736 साली जपानला पोचले आणि 752 मध्ये नारा इथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्यांच्या हस्ते झाला. जपानी भिक्षू कूकाई 804 मध्ये चीनला गेला, तिथे संस्कृत शिकला आणि 806 मध्ये ग्रंथ घेऊन परतला. कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य ही मांडणी अशी तिकडे रुजली. पुढे भिक्षूंनी आपल्या भाषेचे ध्वनीही तशाच रांगेत बसवले. 11व्या शतकाच्या सुरुवातीपासून अशा तक्त्यांचे लेखी पुरावे मिळतात.

पण मग च-वर्गाच्या जागी 'सा' आणि प-वर्गाच्या जागी 'हा' कसा? गंमत इथेच आहे. जुन्या जपानीत 'सा'चा उच्चार च किंवा त्स यांच्या जवळचा असावा, असं अभ्यासक मानतात. आणि 'हा' मुळात 'पा' होता. प चा फ झाला, फ चा ह झाला. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये 'पालु'चं 'हालु' (दूध) झालं, तसंच. मधल्या फ-चा पुरावाही आहे. जेझुइट पाद्र्यांनी नागासाकीत 1603 मध्ये जपानी-पोर्तुगीज शब्दकोश छापला. त्यात ह-चे शब्द रोमन 'एफ'ने लिहिलेत.

म्हणून आजही 'हा'वर दोन बारीक रेघा दिल्या की 'बा' होतो आणि छोटं वर्तुळ दिलं की 'पा'. नवशिक्याला हे विचित्र वाटतं, तो घोकत बसतो. पण ही ओळ प-वर्गाची आहे, हे कळलं की घोकायचं काही उरतच नाही.

आता रोमनविषयी. झेवियर गोव्याहून पूर्वेकडे निघाला आणि 1549 मध्ये जपानला पोचला. मागून गेलेल्या पाद्र्यांनी जपानी रोमन लिपीत लिहिली, तशीच फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये गोव्यात 'ख्रिस्तपुराण' हे मराठी काव्य रोमन लिपीत छापलं. ती त्यांची सोय होती. आपल्याला तो वळसा कशाला? रोमनमध्ये ऱ्हस्व-दीर्घ सहज निसटतात, आणि जपानीत 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, तर 'ओबाआसान' म्हणजे आजी! शिवाय तक्त्याच्या शेवटचा 'न्' हा थेट आपला अनुस्वार आहे. 'शिंबुन' (वर्तमानपत्र) मध्ये म्, 'तेंकी' (हवामान) मध्ये ङ्. शाळेत शिकवलेला परसवर्णाचा नियम असा कामाला येतो.

तर क्रम असा ठेवा. रोज एकच ओळ, मोठ्याने म्हणत वहीत लिहायची. खाली देवनागरी आठवडाभरच, मग खोडून टाकायची. शि, ची, त्सु, फु हे चार उच्चार वेगळे आहेत, ते ऐकूनच घ्या. एन.एच.के.चे जपानीचे धडे फुकट मिळतात. 1946च्या सुधारणेत दोन अक्षरं गळाली, आता 46 उरली आहेत. दीड महिन्यात हिरागाना येते, मग कताकाना. व्याकरणाची भीती नको, क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. 'तोक्यो नी इकिमास्' म्हणजे 'तोक्योला जातो', 'नी' म्हणजे आपला 'ला'. चिनी अक्षरं मात्र सावकाश, त्यांना वर्षं लागतात.

हे सगळं मी कशासाठी केलं? नातवाची मराठी दर सुट्टीत थोडी कमी झालेली दिसते. "आजी, एवढी अक्षरं कशाला?" असं तो विचारायचा. तेव्हा मी त्याच्याच शाळेचा तक्ता कागदावर काढला, 'का' आणि 'सा'च्या मध्ये जागा सोडली आणि फोनवर त्याला दाखवला. म्हटलं, ही रांग तुझ्या ओळखीची, तुमच्याकडे नसलेली अक्षरं तेवढी मी भरते. आता ख, ग, घ तोच भरतो. ट-ठ-ड-ढ पाशी अजून अडखळतो. असो, तेही जमेल.

तुमच्यापैकी कुणी सुरुवात केली, तर जरूर कळवा.