स्ट्रेंजसाहेबाचे कोष्टक

पडलेल्या पावसातले किती पाणी ओढ्याला लागेल, हे तलाव बांधणाऱ्याला आधी कळावे लागते. अंदाज जास्त धरला तर तलाव भरत नाही, कमी धरला तर पाणी सांडव्यावरून निघून जाते. आपल्याकडे या हिशेबाची सुरुवात नागपूरजवळ झाली. शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्या अलेक्झांडर बिनीने १८६९ ते १८७२ या काळात जेमतेम १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटात पाऊस आणि वाहते पाणी दोन्ही मोजले. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर असेल तर त्यातले १५ टक्के वाहते, १००० असेल तर ३८ टक्के. म्हणजे पाऊस दुप्पट, पाणी पाचपट!

पण वर्षाच्या बेरजेत मृगाची सर आणि श्रावणातली झड एकाच मापाने मोजली जाते. हा घोळ सोडवला मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातल्या डब्ल्यू. एल. स्ट्रेंजने. आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या नोंदींवरून १८९२ मध्ये त्याने कोष्टक बसवले. त्यात रोजचा पाऊस तर होताच, शिवाय त्या दिवशी जमीन कोरडी, ओलसर की चिंब, असे तीन रकाने होते.

शंभर हेक्टरांचे मध्यम पाणलोट धरा. एका दिवसात इंचभर पाऊस झाला, तर साधारण २५ हजार घनमीटर पाणी पडले. जमीन कोरडी असेल तर त्यातले ३ टक्के, म्हणजे ७५० घनमीटर, ओढ्याला येते. ओलसर असेल तर ११ टक्के आणि चिंब असेल तर १८ टक्के, म्हणजे ४५०० घनमीटर. पाऊस तेवढाच, येवा सहापट. पहिला पाऊस जमीनच पिते, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. स्ट्रेंजने त्याला आकडे दिले.

मात्र कोष्टक धरणवाल्याचे. उघडी, कडक, पाणी न जिरणारी जमीन त्यात ‘चांगले’ पाणलोट ठरते आणि झाडीचे, मुरवणारे रान ‘वाईट’. मध्यमच्या आकड्यात चांगल्याला पाव भागापर्यंत वाढवायचा, वाईटातून पाव भागापर्यंत कापायचा. माथ्यावर चर खणून पाणी मुरवणारा माणूस या हिशेबाने येवा बिघडवतोच. तलावाच्या काठावरून पाहिले तर ते खरेही आहे, आणि खालच्या-वरच्या गावांची भांडणे इथूनच उगवतात.

१९२९ मध्ये इंग्लिस आणि डिसूझा यांनी पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणच्या मोजणीवरून घाटाला एक सूत्र दिले आणि दख्खनच्या पठाराला दुसरे. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने याच हिशेबासाठी ‘कर्व्ह नंबर’ ही पद्धत काढली. त्यातही जमिनीच्या ओलीच्या तीन अवस्था आहेत. स्ट्रेंज साठ वर्षे आधी तिथे पोहोचला होता. तिकडचे गणित पाणी वाहू लागण्याआधी मातीच्या धारणक्षमतेचा पाचवा हिस्सा वजा करते. आपल्या काळ्या मातीला ते लागू पडेना. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात दहापैकी तीन हिस्से धरावे लागले, आणि तीच माती भिजून फुगल्यावर भेगा बुजल्या की दहापैकी एकच.